अठ्ठावीस नोव्हेंबर

"आता तरी कबूल करा बाई. तुमचा ता औषध बोगस हाय."

रावजी नागवेकर हे रागाने म्हणाले नाहीत. जहाजावर सारंग म्हणून निम्मं आयुष्य काढलेला माणूस. खलाशांची टोळी हाताखाली वागवताना आवाज कधी चढवायचा आणि कधी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि कॉम्प्युटरसमोर मालनला जागा करून दिली. तेच तिला जास्त लागलं. ओरडले असते तर निदान उलट काही बोलता तरी आलं असतं.

मालन पिलणकरने ओला रेनकोट पडवीतल्या खुंटीला अडकवला, ओढणीने हात कोरडे केले आणि ती खुर्चीवर बसली. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तिने दिलेल्या अँटिव्हायरसची, म्हणजे रावजींच्या 'औषधा'ची, लाल ढाल होतीच, आणि तिच्या डोक्यावर सूचना: तुमची व्हायरसची यादी जुनी झाली आहे. एकशे चौदा दिवसांत नवी यादी घेतलेली नाही.

पाच आठवड्यांतली तिची ही काळबादेवीची तिसरी खेप होती. रत्नागिरीहून शिरगाव, मग साखरतरचा पूल, मग खड्डे चुकवत नागवेकरांचं घर. स्कूटरवरून येताना वाटेत तिने ठरवून टाकलं होतं, की आजही कारण सापडलं नाही तर सरळ सांगायचं: भाऊ, मला कळत नाही. दुसरं कोणी बघा.

"दुपारी तीनला विनीत येणार हाय," रावजी म्हणाले. "नव्या दुकानातला. फोनवर त्याने ऐकलान आणि बोलला, की डुप्लिकेट दिलेली असणार. सगळा पुसून पहिल्यापासून घालायला लागेल."

"सगळं पुसून?"

"फॉरमॅट."

मालनने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "आणि अक्षयाचे मेल?"

रावजींनी खिडकीची एक झडप लोटून घेतली. पावसाचं पाणी आत येत होतं.

अक्षया ही त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीनंतरच्या सुट्टीत ती मालनच्या दुकानात कॉम्प्युटर शिकायला यायची आणि शिकवलेलं सोडून खिडकीतून बंदराकडे बघत बसायची. आता ती एका तेलवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर होती. सारंगाची मुलगी अधिकारी होऊन जहाजावर गेली, याचं काळबादेवीत सगळ्यांना कौतुक होतं. रावजी ते बोलून दाखवत नसत, एवढंच. ती शिकायला गेल्यापासून तिने पाठवलेला प्रत्येक मेल या कॉम्प्युटरमध्ये उतरलेला होता. ती व्यवस्था मालननेच करून दिली होती. चार वर्षांची पत्रं, फोटो, बंदरांची नावं. रावजींकडे फोन होता तो बटणांचा. मुलीशी बोलण्याची खिडकी ही एवढीच.

मालनने मेलचा कप्पा उघडला. वरच्या पाच ओळी ठळक अक्षरांत होत्या. न वाचलेल्या.

"भाऊ, हे पाच मेल उघडलेच नाहीत तुम्ही?"

"विनीत बोलला, लाल हाय तोवर काय उघडू नका. मेलातनंच शिरतो व्हायरस." रावजींनी हात मागे बांधले. "आठ दिवस झाले. ऑर्डर ती ऑर्डर."

आतून भांड्याचा आवाज आला आणि हौसावहिनींचा आवाज त्याच्यावरून: "आठ दिवस त्या पेटीसमोर बसून ऱ्हातात नुसते. उघडीत नाय, बंद करीत नाय. मेल्यासारखा तोंड करून."

"तू गप गो," रावजी म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

मालनचं दुकान धनजी नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर होतं. दुकान म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि उघडलेल्या कॉम्प्युटरांची रांग. त्याआधी वीस वर्षं त्याच खोलीत टायपिंगचा क्लास चालायचा. कोर्टातल्या आणि जिल्हा परिषदेतल्या निम्म्या कारकुनांची बोटं तिने वळवलेली होती. टायपिंगला कोणी येईनासं झालं तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. ती रडत बसली नाही. विशीतल्या पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तिने कॉम्प्युटर उघडायला आणि जोडायला शिकून घेतलं, स्क्रूड्रायव्हरचा संच घेतला आणि स्कूटरवरून गावोगाव फिरायला लागली. या गोष्टीला दहा वर्षं झाली. लोक अजून तिला टायपिंगच्या बाईच म्हणत. लग्न राहून गेलं होतं. झाडगावात दोन खोल्या होत्या, परसात तगरीचं झाड होतं, रविवारी दुपारी दोन तास झोप होती. काही कमी आहे असं तिला सहसा वाटत नसे. तिचं म्हणून जे काही होतं ते एवढंच, की मालनबाईंनी केलेलं काम पुन्हा बघावं लागत नाही, असं लोक म्हणत. ते तेवढं या पाच आठवड्यांत डळमळलं होतं.

तिने नेहमीप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. इंटरनेट चालू होतं. नवी यादी मागितली, ती बिनबोभाट उतरली. यादीवर आजची, सहा ऑगस्टची तारीख. आणि ढाल तरीही लाल. जुनी आहे, जुनी आहे, असा एकच घोष.

"बघा," रावजी म्हणाले. "आज घातलेला औषध आजच जुना."

"थांबा जरा."

तिने कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली. रावजींचा कॉम्प्युटर जुना होता. त्यात कोपऱ्यात नुसती वेळ दिसायची, तारीख बघायची तर अशी टिचकी मारून कॅलेंडर उघडावं लागायचं. वेळ बरोबर होती, अकराला दहा कमी. तारीख होती अठ्ठावीस नोव्हेंबर.

तिला हे अपेक्षितच होतं. पहिल्या खेपेलाही तारीख पुढे गेलेली होती. कॉम्प्युटरला वाटत होतं की नोव्हेंबर संपत आला, मग ऑगस्टमध्ये आलेली यादी त्याला जुनी वाटणारच. औषधात काही खोट नव्हती. घरातलं कॅलेंडरच चुकलं होतं. तेव्हा तिने तारीख सुधारली होती, आणि आतली बटणाएवढी बॅटरी बदलली होती, कारण तारखा बिघडल्या की बहुतेक वेळा बॅटरीच संपलेली असते. ढाल हिरवी झाली होती. दहा दिवसांनी फोन आला, परत लाल. दुसऱ्या खेपेला तिने बॅटरी पुन्हा तपासली, तारीख पुन्हा सुधारली, आणि परत गेली ती डोक्यात किडा घेऊन. बॅटरी संपली तर घड्याळ मागे जातं. कॉम्प्युटर जन्माला आला त्या वर्षावर जाऊन बसतं. पुढे कधी जात नाही.

आणि आज तिसऱ्यांदा तीच तारीख. अठ्ठावीस नोव्हेंबर. यंत्राची चूक असती तर दर वेळी वेगळी तारीख दिसली असती.

तिने तारीख सहा ऑगस्ट केली. मिनिटभरात ढाल हिरवी झाली.

"झाला," रावजी कोरडेपणाने म्हणाले. "मागल्या टायमाला पण असाच झालेला. पाच-सा दिवस ऱ्हातो, मग परत लाल."

मालन उठली नाही. हात मांडीवर ठेवून ती तशीच बसली. काय विचारायचं ते तिला कळत होतं, कसं विचारायचं ते कळत नव्हतं. या माणसाच्या घरात बसून, चूक तुमची आहे, असं म्हणायचं होतं.

"भाऊ, कॉम्प्युटरला तुमच्याशिवाय कोण हात लावतं?"

"कोण लावणार? ही तर लांबनं पण फडका मारीत नाय, शॉक बसेल म्हणते."

"बरं. मग एक सांगा. अठ्ठावीस नोव्हेंबरला काय आहे तुमच्याकडे?"

रावजींनी आधी स्क्रीनकडे बघितलं, मग खिडकीकडे. इतका वेळ मागे बांधलेले हात सुटून पुढे आले आणि त्यांना कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "अक्षूची साइन ऑफ हाय त्या दिवशी," हौसावहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. "बोटीवरनं उतरायची तारीख. का ओ?"

"काही नाही वहिनी. सहज." मालनने आवाज शक्य तितका साधा ठेवला. "भाऊ, तुम्ही ती तारीख इथे बघता का कधी? या घड्याळात?"

"बघतंय," रावजी हळू म्हणाले. "आयतवारी. आणि लाल झाल्यापासनं रोज सकाळी. किती आठवडे ऱ्हायले ता बघतंय. त्यात चूक काय हाय?"

"चूक काही नाही. कसं बघता ते मला एकदा दाखवा."

त्यांनी चष्मा लावला, खुर्चीवर बसले, माउस धरला. जहाजाच्या जाड दोरांनी घट्टे पडलेली बोटं, पण टिचकी अगदी हलकी. कॅलेंडर उघडलं. त्यांनी महिन्यांच्या यादीतून नोव्हेंबर निवडला. मग अठ्ठावीसच्या चौकोनावर बाण नेला, तो निळा केला, आणि ओठ हलवत शुक्रवार असल्याची खात्री करून घेतली. मग खाली येऊन त्यांनी 'ओके' दाबलं.

खिडकी मिटली. मालनने वाट बघितली. दोन मिनिटांनी कोपऱ्यातली ढाल लाल झाली.

रावजी त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"'ओके' म्हटलं की त्याला वाटतं आजची तारीखच ती आहे. तुम्ही त्याला हुकूम देता, तो मानतो. नुसतं बघायचं असेल तर शेजारचं 'कॅन्सल' दाबायचं. बघून झालं की कॅन्सल. काहीच बदलत नाही."

रावजींनी मान हलवली; पण ती होकाराची नव्हती.

"ता मला ठाव हाय," ते म्हणाले.

"मग?"

रावजी स्क्रीनकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "पोरीच्या उतरायच्या तारखेवर बोट ठेवायचा, आणि कॅन्सल दाबायचा? माझ्या हातनं नाय व्हायचा ता, बाई."

मालनला हसू आलं नाही. दहा वर्षं ती लोकांच्या घरोघरी कॉम्प्युटर उघडत होती. उंदराने कुरतडलेल्या वायरी, आत शिरलेल्या मुंग्या, पोरांनी घातलेली नाणी, सगळं तिने बघितलं होतं. असं कारण पहिल्यांदा बघत होती.

हौसावहिनी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अगोबाय! आन म्हणे तुमचा औषध बोगस!"

"हस तू," रावजी म्हणाले.

"हसू नको तर काय करू? मी बारा बारा म्हैने एकटी ऱ्हायले ह्या घरात. कॅलेंडरवर कधी खूण केली नाय. तुमी उतराल तेवा उतराल."

"मला काय ठाव? तू कधी बोललीस नाय."

"तुमी कधी इचारलात?"

त्या हे हसता हसताच म्हणाल्या. पण म्हणून झाल्यावर त्यांनी पदर तोंडावरून काढला. पागोळ्यांचं पाणी अंगणातल्या जांभ्याच्या फरशीवर पडत होतं.

मालनने स्क्रीनकडे बोट केलं. "वरच्या कोपऱ्यात फुली आहे बघा. ती दाबली तरी चालतं. ओके नको, कॅन्सल नको."

रावजींनी फुलीकडे बघितलं. "फुली मारायची? तारखेवर?"

"बरं, फुली पण नको." मालन विचारात पडली. मग तिने कीबोर्डच्या अगदी डाव्या, वरच्या टोकाच्या कळीवर बोट ठेवलं. "ही. एस्केप. ही दाबली तरी खिडकी मिटते, तारीख होती तशीच राहते."

"त्याचा अर्थ काय?"

"एस्केपचा? सुटका."

"कोणाची?"

मालनने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "जो अडकलाय त्याची."

रावजींनी ते मनातल्या मनात घोळवून बघितलं. जहाजावरून सुटका, साइन ऑफ, हातात सुटकेचा कागद, बंदराची शिडी. चालण्यासारखं होतं. त्यांनी कॅलेंडर उघडलं, अठ्ठावीस नोव्हेंबरवर गेले, शुक्रवार बघितला आणि एस्केप दाबलं. मग स्वतःच पुन्हा उघडून तपासलं. मालनने मधल्या वेळात आजची तारीख नीट करून ठेवली होती. ती जागेवर होती. त्यांनी तिला चार वेळा हे करून दाखवलं, शाळेतल्या मुलासारखं. चारही वेळा ढाल हिरवी राहिली.

मग ते उठले, फोन घेतला आणि पडवीत गेले. आतपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

"विनीत? नागवेकर बोलतंय. येऊ नको तू. ... नाय, काम झाला. ... ऐक माझा. बाईंचा माल चोख हाय. चूक माझी होती. तुझ्या दुकानात कोणाला उलटा काय बोलला असलास, तर त्याला पण ह्या सांग. माझा नाव घेऊन सांग."

मालनने बॅगेतली हत्यारं उगाचच काढून पुन्हा नीट लावली. पाच आठवडे ती जे ओझं घेऊन फिरत होती ते त्या माणसाने दोन वाक्यांत उतरवून ठेवलं होतं, आणि तेही दुसऱ्या दुकानदाराला फोन करून.

"आता मेल उघडा," रावजी आत आले तेव्हा ती म्हणाली.

"उघडू?"

"उघडा की. हिरवं आहे ना?"

हौसावहिनींनी पाट ओढून घेतला आणि त्या खुर्चीच्या बाजूला बसल्या. अक्षया मराठीतच लिहायची, पण जहाजावरच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत. चौथी शिकलेल्या वहिनींना ती लागत नसत, म्हणून रावजी वाचून दाखवायचे. त्यांनी सगळ्यात जुनं पत्र आधी घेतलं. मालनने सुचवलं की वरचं ताजं आहे, ते आधी बघा, पण ते म्हणाले, "लायनीत आलेत तसे."

पहिल्या पत्रात एक डॉल्फिन जहाजाबरोबर तासभर पोहत होता. दुसऱ्यात तिने पहिल्यांदाच रात्रीची पूर्ण पाळी एकटीने सांभाळली होती आणि कप्तानाने नुसती मान हलवली होती. "ता बरा," रावजी मध्येच म्हणाले. "कप्तानाने मान हलवली म्हणजे लय झाला." तिसऱ्यात कपडे धुवायचं मशीन बिघडलं होतं. चौथं नुसतंच दोन ओळींचं: मेल का येत नाही बाबा, बरे आहात ना?

"बघा," वहिनी म्हणाल्या. "पोर तिकडं काळजीत आन ह्ये हिकडं ऑर्डर पाळतात."

"लिवतंय आज. आत्ताच लिवतंय."

मग त्यांनी पाचवं उघडलं.

ते पत्र आखूड होतं. मालन मागे उभी होती, बॅग खांद्याला लावून, निघायच्या बेतात. वीस वर्षं टायपिंगचे कागद तपासलेली तिची नजर वाक्यांवरून भर्रकन गेली आणि रावजी पहिल्या ओळीवर असतानाच ती शेवटाला पोहोचली. बदली माणूस मिळाला नव्हता. कंपनीने तिची मुदत वाढवली होती. अठ्ठावीस नोव्हेंबर नाही, दहा जानेवारी. गेले चार दिवस समुद्र खवळलेला आहे, झोप नीट नाही. आईला नीट सांगा. खाली नाव, बस्स.

रावजींनी ते एकदा डोळ्यांनी वाचलं. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"म्हैना-दीड म्हैना उशीर हाय," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "जानेवारीच्या धाला उतरते. बदलीचा माणूस गावला नाय. बोटीवर असा व्हतोच. मला पण झालेला, दोनदा."

"दिवाळी तर तशी पण गेलीच होती," हौसावहिनी म्हणाल्या. त्यांनी पाटावरच्या पाटावर बसायची जागा बदलली. "बाकी बरी हाय ना?"

"बरी हाय."

"आन जेवणाचा? जेवते ना येळेवर? काय लिवलान काय?"

रावजींनी स्क्रीनकडे बघितलं. पत्र कधीच संपलं होतं. खाली पांढरी कोरी जागा होती. त्यांनी बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं आणि वाचल्यासारखं हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले:

"लिवलान ना. आज... माशाचा कालवण होता. भात पोटभर खाल्ला. नवीन आचारी बरा हाय."

मालनने नजर खाली घेतली.

"बरा झाला," हौसावहिनी म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पाट भिंतीला लावला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जरा थांबल्या.

"तुमच्या पत्रात पण दर टायमाला ह्येच असायचा," त्या म्हणाल्या. "माशाचा कालवण, आन आचारी बरा."

रावजी मागे वळले नाहीत. त्यांनी कानामागे चष्मा नीट केला.

"बाई, जेवूनच जा तुमी," वहिनी आतून म्हणाल्या. "भात टाकतंय."

मालनने बॅग खाली ठेवली आणि ती पडवीत जाऊन बसली. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मग गॅसवर टोप ठेवल्याचा. खोलीत रावजी एका बोटाने उत्तर लिहायला लागले होते.